कुत्रा चावल्यावर ‘दहा दिवस थांबा’ सांगणारा मेसेज

कुत्रा चावण्याबद्दलचा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ‘घाबरू नका, डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत’ अशी त्याची सुरुवात. मग एकेक मुद्दा येतो. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, तो जगला तर इंजेक्शन लागत नाही. रक्त आलं नसेल तर काळजीच नको. कुत्रा घरचा आणि लस दिलेला असेल तर विषयच संपला. जखमेवर तिखट किंवा चुना दाबा, विष उतरतं. पोटात चौदा सुया टोचून घेण्यापेक्षा धनुर्वाताचं एक इंजेक्शन पुरे. आणि आठवडा उलटला असेल तर आता लस घेऊन उपयोग नाही. शेवटी ‘या उपायाने शेकडो जण बरे झाले’ ही ग्वाही.

दहा दिवसांचा मुद्दा यातला सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला डॉक्टरही सांगतात. का, ते बघू. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागी मज्जातंतूत शिरतो आणि त्याच्या आतून मेंदूकडे सरकत जातो. मेंदूत वाढला की तिथून पुन्हा बाहेरच्या दिशेने निघतो आणि लाळग्रंथींत उतरतो. म्हणजे कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला असेल तर त्याचा मेंदू आधीच ग्रासलेला असतो आणि ते जनावर थोड्याच दिवसांचं सोबती असतं. लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासून लाळेत विषाणू असू शकतो, त्यामुळे ‘चावला तेव्हा तर चांगला होता’ याला काही अर्थ नाही. पण दहा दिवसांनंतरही कुत्रा ठणठणीत असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं खात्रीने म्हणता येतं.

म्हणजे हा नियम उपचार थांबवण्यासाठी आहे, लांबवण्यासाठी नाही. लस पहिल्याच दिवशी सुरू करायची. दहाव्या दिवशी कुत्रा धडधाकट दिसला तर उरलेले डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात. मेसेजने नेमकं उलटं टोक धरलंय. लस टोचल्यावर शरीरात पुरेशी प्रतिपिंडं (विषाणूशी लढणाऱ्या अँटीबॉडीज) तयार व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. दहा दिवस थांबून मग लस सुरू केली तर संरक्षण मिळेपर्यंत अडीच-तीन आठवडे हातचे गेलेले असतात. रेबीजची लक्षणं बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी दिसतात हे खरं, पण आठवड्याभरात सुरू होण्याचीही शक्यता असते. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांवर असेल तर धोका जास्त, कारण तिथून मेंदू तरी जवळ किंवा मज्जातंतूंचं जाळं तरी दाट. लहान मुलांची उंचीच अशी की कुत्र्याचं तोंड थेट त्यांच्या चेहऱ्याशी येतं. जगभर रेबीजने मरणाऱ्यांत साधारण ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात.

शिवाय लक्ष ठेवायचं म्हणजे काय बघायचं? रस्त्यावरचा कुत्रा सहाव्या दिवशी दिसेनासा झाला, तर तो मेला की दुसरीकडे गेला हे कोण सांगणार? आणि पिसाळलेला कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेस गाळत धावणारं जनावर येतं. पण रेबीजचा एक मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रा अंगावर येत नाही. कोपऱ्यात, अंधारात पडून राहतो, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकलं असावं असं वाटून एखादा प्रेमाने त्याच्या तोंडात हात घालतो. हे ‘शांत’ जनावर मेसेजच्या हिशेबात बसतच नाही. आणि दहा दिवसांचा हिशेब कुत्र्या-मांजरांपुरताच आहे. माकड, कोल्हा, मुंगूस चावलं तर तो लावायचा नाही.

रक्त आलं नाही म्हणून बिनधास्त राहायचं, हेही चूक. धडधाकट त्वचेवर कुत्र्याने चाटलं किंवा तुम्ही त्याला कुरवाळलं, खाऊ घातलं, तर काही करावं लागत नाही, जागा धुतली की झालं. उघड्या त्वचेवर दात घासला, रक्त न येता ओरखडा उठला, की लस लागते. त्वचा फुटून रक्त आलं, आधीच्या जखमेवर कुत्र्याने चाटलं, किंवा लाळ डोळ्यांत-तोंडात गेली, तर लसीच्या जोडीला सिरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. पिल्लाने चावलं म्हणून यात सूट नाही, पिल्लांनाही रेबीज होतो.

घरच्या कुत्र्याला वेळच्या वेळी लस दिलेली असेल तर धोका बराच कमी होतो, यात वाद नाही. पण ‘दिलीये लस’ या वाक्यात बरंच काही लपतं. कधी दिली? दरवर्षीचा डोस चुकला का? पिल्लाला परवाच टोचली असेल तर ती अजून लागू तरी झाली का? कुत्र्याचं लसीचं कार्ड डॉक्टरांसमोर ठेवा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

आता तिखट आणि चुना. चाव्यात विष नसतं, विषाणू असतो, तेव्हा उतरायचं काहीच नाही. अशा पदार्थांनी जखमेतलं मांस भाजतं, जखम आणखी उघडी पडते आणि मुख्य म्हणजे धुवायची वेळ निघून जाते. हे धुणं फारच कमी लेखलं जातं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. धुण्याला खर्च जवळपास शून्य, आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी तुमच्या हातात एवढंच असतं. नळ सोडा, जखम धारेखाली धरा, साबण लावा, धुवा, पुन्हा लावा. हे १५ मिनिटं करायचं, घड्याळ लावून. चार-पाच मिनिटांतच पुरे झालं असं वाटतं, मूल रडत असेल तर त्याच्याही आधी. तरी थांबू नका. दातांनी पडलेली भोकं वरून बारीक दिसली तरी खोल असतात, त्यांच्या आतपर्यंत पाणी जाऊ द्या. मग पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावा आणि जखम उघडी ठेवा. घट्ट पट्टी नको. टाकेही शक्यतो नकोत. घालावेच लागले तर आधी सिरम भरून मग, तेही सैलसर.

सिरमबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही आणि घाईत दवाखान्यातही ते राहून जाऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर. लस तुमच्या शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, त्याला वेळ लागतो. सिरममध्ये ती तयारच असतात. म्हणून ते दंडात टोचून काम भागत नाही, जिथे विषाणू आहे तिथेच, जखमेत आणि जखमेच्या कडेने भरावं लागतं. जखमा पाच असतील तर पाचही. बोटाच्या टोकाला किंवा कानाच्या पाळीला चावा असेल तर तिथे मावेल तेवढंच. दुखतं, खोटं कशाला बोला. पण खोल चाव्यात पहिल्या आठवड्याची खिंड लढवायला तेवढंच असतं. ते लसीच्या पहिल्या डोसबरोबर देतात. त्या दिवशी मिळालं नाही तर पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात. तेव्हा रक्त आलं असेल तर ‘सिरम देणार ना?’ हे स्वतःहून विचारा.

पोटातली चौदा इंजेक्शनं हा जुना जमाना. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस भारतात २००४ साली बंद झाली. आताची लस स्नायूत घेतली तर पाच वेळा, म्हणजे पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. त्वचेत घेतली तर चार वेळा, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जागा दंडाची, लहानग्यांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथे ती नीट लागू पडत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही चालते. पथ्य काही नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्या, पण ते धनुर्वातासाठी. रेबीजशी त्याचा संबंध नाही.

राहिले ते ‘बरे झालेले शेकडो’. त्यांना मी खोटं म्हणत नाही. चावणारे बहुतेक कुत्रे पिसाळलेले नसतात. खरंच पिसाळलेला चावला तरी प्रत्येक माणसाला रोग होतोच असं नाही. त्यामुळे कुठलाही लेप लावा, काहीच लावू नका, बरीच माणसं ठणठणीतच राहणार. श्रेय जातं लेपाला. ज्याला तीन महिन्यांनी पाणी बघून घशात कळ येते, तो साक्ष द्यायला उरत नाही. एकदा लक्षणं दिसली की वाचणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातल्या बहुतेकांनी लसीचे काही डोस तरी घेतलेले होते. २००४ मध्ये अमेरिकेत एक १५ वर्षांची मुलगी लस न घेताही वाचली. तिच्यावर केलेले उपचार पुढे इतरांवर करून पाहिले गेले, पण तसं यश क्वचितच आलं.

आणि ‘आठवडा उलटला, आता काय उपयोग’ हे तर सरळ उलट आहे. विषाणू कधीकधी महिनोन्महिने वाटेतच असतो, आणि तो मेंदूत पोहोचेपर्यंत लसीला संधी असते. महिन्यापूर्वी कुत्रा चावला होता आणि तेव्हा काही केलं नाही, असं असेल तर आज जा. उपचार आजच चावल्यासारखे पहिल्या डोसपासून सुरू होतात, जखम भरलेली असली तरी सिरमसुद्धा. मधला एखादा डोस चुकला असेल तर लगेच जाऊन पुढचा घ्या, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आणि ज्यांनी पूर्वी पूर्ण कोर्स घेतलाय, त्यांना पुन्हा चावलं तर ० आणि ३ या दिवशी दोनच डोस लागतात, सिरम लागत नाही. तेव्हा लसीचा कागद जपून ठेवा.