‘समोरचा म्हणेल तो फाउल’ हा पूलचा नियम नाही

पूल म्हणजे क्यूने (लांब काठीने) पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल पॉकेटमध्ये घालायचा टेबलावरचा खेळ. तो खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो. शब्द बदलतात, मजकूर तोच: मित्रामित्रांच्या गेममध्ये रेफरी नसतो, म्हणून वाद झाला की समोरचा म्हणेल तो फाउल. पुढे पाच ‘पक्के रूल’ येतात. कुठल्याही बॉलला हात किंवा शर्ट लागला की फाउल. आपला आणि दुसऱ्याचा बॉल एकदम लागले की फाउल. पांढऱ्याला चिकटलेल्या बॉलवर मारलं की फाउल. काळ्यावर खेळताना पांढरा पॉकेटमध्ये गेला की गेम गेला. आणि फाउलला ‘इंटरनॅशनल रूलप्रमाणे’ दोन शॉट.

इथे बोलतोय ते एट-बॉलबद्दल, म्हणजे आपल्या गटाचे बॉल घालून शेवटी 8 नंबरचा काळा घालायचा तो पूल. त्याचे आंतरराष्ट्रीय नियम वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनचे. त्यांत यातला एकही मुद्दा जसाच्या तसा सापडत नाही. तरी हा मेसेज लोकांना पटतो, कारण त्यातले बरेचसे नियम खरे आहेत, फक्त ते दुसऱ्या खेळाचे आहेत. आपल्याकडे पूलच्या टेबलाशेजारी स्नूकरचं टेबल असतं, शिकवणारा मार्कर (टेबलं सांभाळणारा माणूस) बहुधा स्नूकरवर वाढलेला असतो. स्नूकर तर आपल्याच मातीतला, 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये सुरू झालेला. त्याची शिस्त इथल्या हातांत मुरली आहे आणि ती चांगलीच आहे. पण ती पूलवर लादली की जो जास्त ठामपणे बोलतो तो जिंकतो, आणि नवीन पोरं दोन-चार गेममध्ये टेबल सोडून जातात. मला याचंच वाईट वाटतं.

एकदम लागलेल्या दोन बॉलांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त आवाज इथेच चढतो. स्नूकरमध्ये ‘बॉल ऑन’ (ज्याला पांढरा आधी लागायला हवा तो बॉल) आणि दुसरा बॉल एकाच क्षणी लागले तर फाउल असतो. दोन लाल एकदम लागले तर चालतं, तशीच फ्री बॉलची (फाउलनंतर बॉल ऑन झाकला गेला तर त्याच्याऐवजी निवडलेल्या बॉलची) सूट आहे. पूलमध्ये उलट आहे: आधी कोणता लागला हे ठरवताच येत नसेल, तर बरोबर बॉल आधी लागला असं धरायचं. म्हणजे संशयाचा फायदा मारणाऱ्याला. अमेरिकेतल्या हौशी लीगमध्येही तिसरा माणूस बघायला बोलावला नसेल तर कौल मारणाऱ्याकडे झुकतो. मेसेजमधला मूळ दावा इथेच कोसळतो. समोरच्याला फाउल मागण्याचा हक्क जरूर आहे, पण मागितला म्हणून फाउल सिद्ध होत नाही.

बहुतेक वेळा ठरवता येतंही. बॉल कुठे गेले ते बघायचं. साध्या, मधोमध मारलेल्या शॉटमध्ये पांढरा ज्या बॉलला आधी आडवा लागतो, त्या बॉलच्या वाटेशी साधारण काटकोनात बाजूला सरकतो. लागलेला बॉल दोघांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेत निघतो. तुमचा बॉल आणि शेजारचा बॉल ज्या दिशांना गेले, त्यातली कुठली जोडी पांढऱ्याच्या वाटेशी जुळते हे शांतपणे पाहिलं तर अर्धे वाद तिथेच मिटतात. फिरकी असेल तर वाट वळते, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

डबल हिटलाही, म्हणजे एकाच शॉटमध्ये क्यू पांढऱ्याला दोनदा लागतो तेव्हाही, हीच नजर लागते. पांढरा आणि समोरचा बॉल यांत जेमतेम खडूच्या जाडीचं अंतर आहे आणि तुम्ही सरळ मारलं. दोन्ही बॉल सारख्याच वजनाचे, त्यामुळे समोरासमोर टक्कर झाली की पांढऱ्याने आपला वेग देऊन टाकून थबकायला हवं. टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) असेल तर तो क्षणभर थांबून मग पुढे निघेल. पण तो न थांबता त्या बॉलच्या मागोमाग, जवळपास त्याच वेगाने धावला, तर क्यूची टिप (टोक) त्याला दुसऱ्यांदा लागली आहे. तो फाउल, मारणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी. इथे समोरच्याच्या शब्दापेक्षा पांढऱ्याची चाल बोलते.

आता चिकटलेला बॉल. स्नूकरमध्ये ‘टचिंग बॉल’ असेल तर तो न हलवता पांढरा दूर मारावा लागतो. पूलमध्ये दोन्ही बॉल खरोखर चिकटलेले असतील तर त्या बॉलच्या दिशेने सरळ मारता येतं, फक्त स्ट्रोक नेहमीसारखा हवा, ढकललेला नको. म्हणून चिकटले आहेत की केसाएवढी फट आहे हे शॉटच्या आधी दोघांनी वाकून बघावं आणि तोंडाने बोलून पक्कं करावं. शॉट झाल्यावर ती फट कुणालाच दाखवता येत नाही.

शर्टाच्या बाहीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. रेफरी असेल तर कुठलाही बॉल चुकून हलला तरी फाउल, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण रेफरी नसेल तर ‘फक्त पांढऱ्याचे फाउल’ या पद्धतीने खेळण्याची मुभा नियमांतच दिली आहे. मग बाही लागून एखादा रंगीत बॉल सरकला, तर तो आहे तिथे ठेवायचा की जुन्या जागी परत आणायचा, हे समोरचा ठरवतो. दोन अटी आहेत. हललेला बॉल दुसऱ्या बॉलला लागला, किंवा त्याच्या मूळ जागेवरून कुठलाही बॉल गेला, तर फाउल. समोरच्याला न विचारता पुढचा शॉट मारला तरी फाउल. पांढऱ्याला लागलेला हात मात्र कधीच माफ नाही. मित्रांच्या गेमसाठी मला हीच पद्धत योग्य वाटते आणि ती ब्रेकच्या (गेमच्या पहिल्या शॉटच्या) आधी ठरवावी.

काळ्याबद्दलचा समज सगळ्यात महागात पडतो, कारण त्यावर अख्खा गेम जातो. काळ्यावर मारला, काळा आत गेला नाही आणि पांढरा गेला, तर तो साधा फाउल आहे. समोरच्याला पांढरा हातात मिळतो आणि गेम चालू राहतो. गेम जातो तो काळा पॉकेटमध्ये गेला आणि त्याच शॉटवर फाउल झाला तर, काळा शॉटआधी सांगितलेल्या पॉकेटऐवजी दुसऱ्यात गेला तर, आपले बॉल शिल्लक असताना काळा गेला तर, किंवा काळा टेबलाबाहेर उडाला तर. ब्रेकला यातलं काहीच लागू नाही. ब्रेकवर काळा गेला तर ना जिंकलात ना हरलात.

दोन शॉट ही ब्रिटनमधल्या पबांत लाल-पिवळ्या बॉलांनी खेळतात त्या पूलची जुनी रीत. सॉलिड-स्ट्राइपच्या (एकरंगी आणि पट्ट्यांच्या बॉलांच्या) आंतरराष्ट्रीय नियमांत फाउल झाला की पांढरा हातात घेऊन टेबलावर कुठेही ठेवायचा. ब्रेकवर पांढरा आत गेला तर मात्र तो हेड स्ट्रिंगच्या (टेबलावर ब्रेकच्या बाजूला असलेल्या आडव्या रेषेच्या) मागे ठेवायचा. कुणाला दोन शॉटने खेळायचं असेल तर खुशाल खेळावं, पण त्याला इंटरनॅशनल म्हणू नये.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. फाउल सांगायला मुदत असते. पुढचा शॉट सुरू होईपर्यंत कुणी बोललं नाही तर फाउल झालाच नाही असं धरतात. तीन शॉटनंतर ‘मघाशी तुझा टच झाला होता’ याला काही अर्थ उरत नाही. अवघड शॉट येताना दिसला, तर समोरच्याने मारणाऱ्याला आधीच थांबवावं आणि मार्करला किंवा शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी बघायला बोलवावं. तो सांगेल ते दोघांनी मान्य करायचं, पटलं नाही तरी.