नवा रेणू कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)
सर, दोन ओळींत भागेना म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं: बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक 1935 पासून माहीत आहे, मग नवी जंतुनाशक कॅटायनिक सर्फॅक्टंट्स (साबणासारखे, पण धनभारित रेणू) बनवणं म्हणजे नुसते शोधनिबंध पाडणं. शिवाय प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या थाळीत जंतू मेले म्हणून काही सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तो बराचसा रास्त आहे. या रेणूचं डोकं धनभारित, शेपूट तेलकट. डोकं जिवाणूच्या ऋणभारित आवरणाला चिकटतं, शेपूट पटलात घुसतं आणि आतला ऐवज बाहेर गळतो. इथवर वाद नाही. गोम आहे ती मोजण्यात. ठरलेल्या वेळेनंतर नमुना थाळीवर पसरवला की उरलेलं औषधही त्याच्यासोबत जातं आणि तिथेही वाढ रोखून धरतं. आपण लिहितो 'पाच मिनिटांत मेले', प्रत्यक्षात ते रात्रभर नुसते दाबलेले असतात. म्हणून लेसिथिन आणि ट्वीन 80 हे औषधाला बांधून ठेवणारे पदार्थ घालून औषध आधी निष्प्रभ करायचं, आणि त्या मिश्रणानेच जंतू मरत नाहीत ना, हेही वेगळं तपासायचं. कुठलाही पेपर हाती आला की मी आधी हे शोधते. नुसत्या एमआयसीच्या (जंतूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेच्या) आकड्यावर फरशी पुसायचं औषध ठरत नाही.

पहिला मुद्दा मात्र पटत नाही. ही खटपट जास्त जहाल रेणूसाठी नाहीच. शेपटीत बारा ते सोळा कार्बन असले की मारा चांगला बसतो, हे जुनंच आहे. प्रश्न काम झाल्यानंतरचा आहे. बेंझाल्कोनियम सांडपाण्याच्या गाळाला चिकटून रेंगाळतं, आणि तिथल्या थोड्याथोडक्या मात्रेत औषध बाहेर फेकणारे पंप असलेल्या जंतूंचं फावतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमधलं क्यूएसीए जनुक असाच पंप बनवतं. म्हणून डोकं आणि शेपूट यांच्यामध्ये एस्टरचा, म्हणजे पाण्याने तुटू शकणारा, बंध घालतात. तो पुढे तुटतो आणि रेणूची धार जाते. कपडे मऊ करणाऱ्या द्रवांत युरोपने 1990 च्या दशकात हेच केलं. आर्जिनिन आणि लॉरिक आम्लापासून बनणारं लॉरिक आर्जिनेट तर खाद्यपदार्थ टिकवायला वापरतात. कटकट एवढीच, की एस्टरचा बंध अल्कधर्मी द्रावणात बाटलीतच तुटायला लागतो. आमचा निम्मा वेळ त्यातच जातो.

आणि घरी साबणाच्या पाण्यात औषध घालूनही वास जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. साबण ऋणभारित, औषध धनभारित; दोघं एकमेकांना धरून बसतात. आधी साबणाने पुसा, साध्या पाण्याने काढा, मग औषध.