सौरवादळ आणि उघड्यावरचा हॅम रेडिओ : खुलासा

‘सौरवादळ आले की हॅम रेडिओ पूर्ण बंद पडतो आणि उघड्यावर अँटेना लावल्यास संच जळतो’ असा संदेश फिरत आहे. हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोक परवाना घेऊन चालवतात तो संपर्काचा रेडिओ. या संदेशाचा पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा चुकीचा.

सौरज्वाळेतील क्ष-किरणांमुळे आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा डी थर दाट होतो आणि पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला लघुलहरींचे (दूरच्या संपर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरींचे) शोषण वाढते. त्याचा फटका ७ मेगाहर्ट्‌झसारख्या खालच्या पट्ट्यांना अधिक बसतो व तो बहुधा एक-दोन तासांत ओसरतो. भूचुंबकीय वादळाची, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या खळबळीची, गोष्ट वेगळी. १० मे २०२४ रोजी सुरू झालेल्या जी-५ या सर्वांत तीव्र श्रेणीच्या वादळासारख्या घटनेत, लहरी पुन्हा पृथ्वीकडे वळवणारा आयनांबराचा वरचा एफ थर विस्कळीत होऊन दूरचे संपर्क दिवस-दोन दिवस दुबळे होऊ शकतात. तरीही १४५ मेगाहर्ट्‌झवर दोन डोंगरमाथ्यांमधील थेट संपर्क चालू राहतो, कारण तो आयनांबरावर अवलंबून नसतो. शिवाय सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत २८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा दूरच्या संपर्कासाठी उघडतो आणि पाच वॉटचा छोटा संचही दुसऱ्या खंडापर्यंत पोहोचू शकतो, हे त्या संदेशात कुठेच नाही.

आता संच जळण्याविषयी. १३ मार्च १९८९ रोजी भूचुंबकीय वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा कोलमडला, तो शेकडो किलोमीटर लांब वाहिन्यांत प्रवाह निर्माण झाल्यामुळे. झाडाला बांधलेल्या वीस मीटर तारेत असे प्रवाह नगण्य असतात. सह्याद्रीच्या माथ्यावर खरा धोका वळवाच्या विजेचा आहे. गडगडाट ऐकू येताच अँटेना तिथेच सोडून खाली उतरावे.