४११ एकर 'पडून' आहेत म्हणे!

पुण्यात गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ४११ एकर जागा 'नुसती पडून आहे' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. असा माणूस लगेच मोबाइल काढून हिशोब करतो. साधारण १ कोटी ७९ लाख चौरस फूट, गुणिले औंधचा रेट! मग स्वतःचीच जमीन गेल्यासारखी हळहळ. (औंधातल्या प्रत्येक सोसायटीत असा एक काका असतोच. आमच्याकडे दोन आहेत.)

पडून कसली? इंग्रज गव्हर्नराचा पावसाळी मुक्कामाचा वाडा आणि भोवतालचं आवार १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला मिळालं. पुढे याच आवारात खगोलशास्त्राची आयुका उभी राहिली, रेडिओ दुर्बिणींचं एनसीआरए आलं, पेशीविज्ञानाचं एनसीसीएस आलं, 'परम' महासंगणक बनवणारी सी-डॅक आली. शहराच्या मधोमध, शेजारी विभाग आणि विद्यार्थी, अशी जागा या संस्थांना बाजारभावानं कोण घेऊन देणार होतं? आज तिथल्या शास्त्रज्ञांचा पगार दिल्लीहून येतो आणि किराणा औंध-पाषाणात भरला जातो. काकांच्या कॅल्क्युलेटरमध्ये हे बटण नाही.

पण मला सांगायचंय ते भिंतीपलीकडचं. वसतिगृहात नंबर लागला नाही की मुलं कुठे जातात? खडकी, बोपोडी, चिखलवाडी, औंध रोड. कॉट बेसिस. एका खोलीत चार कॉट, चार कुलपं, दोरीवर ओले टॉवेल. घरमालक म्हणजे कुणी मोठा बिल्डर नव्हे. बहुतेकदा फॅक्टरीतून निवृत्त झालेले, वरचा मजला पेन्शनीच्या पैशातून चढवलेले आजोबा. दोन गल्ल्या सोडून मेस. आमच्या मेसच्या मावशी प्रत्येकाच्या नावाचं पान घातलेली वही ठेवायच्या. खाडा, म्हणजे न जेवल्याची वजावट, सकाळी दहाच्या आत सांगितला तरच धरणार, रविवारी संध्याकाळी सुट्टी, गेस्टचे पैसे वेगळे. त्यांच्या दोन्ही मुलींची शिक्षणं त्या वहीवर झाली. शिवाय झेरॉक्सवाला, पीएचडीच्या प्रबंधाला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग करून देणारा, परीक्षेच्या दिवसांत रात्री एकपर्यंत पोहे विकणारा. यातल्या कुणाचं नाव विद्यापीठाच्या ताळेबंदात सापडणार नाही.

२०२० मध्ये मुलं गावाला गेली तेव्हा हे सगळं उघडं पडलं. गल्लीत ओळीनं 'कॉट उपलब्ध' च्या पाट्या, मेसचं शटर खाली. आवारातली झाडं तेवढी मजेत होती.

म्हणून जागा 'मोकळी करून' व्यापारी संकुल काढावं, भाडं खावं, या सूचनेला माझा साफ विरोध आहे. मॉलमधले गाळे मावशींना परवडणार नाहीत आणि गेलेली जमीन कुठलंच विद्यापीठ परत विकत घेऊ शकत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे ८५३ एकर आहेत. तिथल्या मंडळींनीही हे ऐकून ठेवावं.

आता अडचणीचा मुद्दा. वसतिगृहं वाढवली तर कॉटवाले आजोबा बुडतील, असं मला एकानं सुनावलं. काही प्रमाणात बुडतीलही. तरी वसतिगृहं वाढलीच पाहिजेत, विशेषतः मुलींची. नांदेड-बीडहून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलीचं शिक्षण खडकीतल्या भाड्यावर अडता कामा नये, आजोबांची कितीही कणव आली तरी.

मात्र नव्या वसतिगृहांच्या मेस कुणाला देणार, हे आधी ठरवा. एकच मोठा कंत्राटदार सगळं उचलतो आणि पैसा दुसऱ्याच गावाला जातो. सरकारी छापाच्या टेंडरमध्ये तीन वर्षांची उलाढाल आणि भलीमोठी अनामत मागितली की मावशी दारातच बाद. त्यापेक्षा मेसचे छोटे भाग करा, बोपोडी-खडकीच्या बचत गटांना अनामतीत सवलत द्या, आणि जेवण कसं आहे ते दर महिन्याला पोरांनाच विचारा. पोरं डाळीत पाणी किती ते बरोबर सांगतात.