गाणी पळवू नका

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोप येत नाहीये, म्हणून लिहितेय.

आज दादाकडे जेवायला गेले होते. भाच्याने त्याच्या सहा वर्षांच्या लेकीसाठी 'द साउंड ऑफ म्युझिक' या जुन्या इंग्रजी संगीतमय सिनेमाची ब्लू-रे लावली. मला इतका आनंद झाला की ताट घेऊनच टीव्हीसमोर बसले. सुरुवातीचा तो डोंगर संपतो न संपतो तोच हा म्हणतो, "आत्या, गाणी पळवतो हं, नाहीतर तीन तास जातील." आणि खरंच पळवली. रिमोट हातात धरून एकेक गाणं. डो-रे-मीसुद्धा!

तिथे गप्प बसले. आता बसवत नाही.

अरे, या सिनेमातली गाणी म्हणजे पानाच्या डाव्या बाजूचं लोणचं नाही. तेच जेवण आहे. कॅप्टन ट्रॅप म्हणजे बायको वारलेला बाप, आणि मारिया त्याच्या सात मुलांना सांभाळायला आलेली. आल्या आल्या मुलं मारियाच्या खिशात बेडूक टाकतात. शिट्टी वाजली की शिपायांसारखी रांगेत उभी राहतात. मग ते डो-रे-मी डोंगरावर सुरू होतं, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गभर हिंडतं, मिराबेल बागेच्या पायऱ्यांवर येऊन संपतं, आणि तोवर ती मुलं पुन्हा मुलं झालेली असतात. हे दुसऱ्या कुठल्या प्रसंगात घडतच नाही, गाण्यातच घडतं. ते पळवलंत तर पाहिलंत काय?

पुरावा हवा असेल तर आज समोरच बसला होता. कॅप्टन तळ्याकाठी मारियावर भडकतो, तिला चालती हो म्हणतो. पुढचं गाणं भाच्याने उडवलं. थेट जिन्यावर कॅप्टन तिची माफी मागतोय. पोर लगेच म्हणाली, "आत्ता तर ओरडत होते, मग सॉरी का म्हणतायत?" सहा वर्षांच्या मुलीला कळलं की मधलं काहीतरी गेलंय. बापाला नाही कळलं.

जे गेलं ना, ते माझ्या आयुष्यात काय आहे ते सांगते.

१९८७ ची दिवाळीची सुट्टी, सांगली. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आई गेली तशी त्यांनी ती पेटी आईच्याच जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून पलंगाखाली सरकवून दिली. घरात रेडिओ बंद. मी नुसतं गुणगुणले तरी "पुरे" असा आवाज यायचा. त्या सुट्टीत मामा मुंबईहून कॅसेट घेऊन आला, १८० मिनिटांची, वर बॉलपेनने नाव लिहिलेलं. टीव्ही घरचा, व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याचा. अर्धी चाळ आमच्या खोलीत.

मी अकरा वर्षांची. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. बाबा दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

तो प्रसंग आला. आतून मुलांच्या गाण्याचा आवाज येतो. कॅप्टन दाराशी येऊन थबकतो, ऐकतो. आणि मग तोच गायला लागतो. मुलं गप्प होऊन बापाच्या तोंडाकडे बघत राहतात, कारण त्यांनी हा आवाज किती दिवसांत ऐकलेलाच नाही.

पेपर खाली आला होता. बाबा मामाला म्हणाले, "मागे घे जरा." घेतलं. पुन्हा, "मागे घे." तीन वेळा. शेजारच्या काकू कुरकुरल्या, पुढे जाऊ दे की म्हणाल्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

आणि हेच गाणं आज दोन सेकंदांत गेलं. बटण दाबलं, गेलं.

हो, सिनेमा १७४ मिनिटांचा आहे, मान्य. गोडही आहे. खरं ट्रॅप कुटुंब नाझींपासून डोंगर चढून पळालं नव्हतं, १९३८ मध्ये साधं आगगाडीत बसून इटलीला गेलं, तेही मला ठाऊक आहे. आणि कॅप्टनचा गाण्यातला आवाज ते काम करणाऱ्या ख्रिस्तोफर प्लमरचा नाहीच, गायलाय बिल ली. पण प्लेबॅकवर वाढलेल्या माणसांनी यावर नाक मुरडू नये. आवाज कोणाचा का असेना, दाराशी थबकलेला बाप खरा होता. आमच्या घरी तर दोन होते, एक पडद्यावर आणि एक खुर्चीत.

जर्मनीत म्युनिकमध्ये हा सिनेमा लागला तेव्हा फॉक्स कंपनीच्या तिथल्या व्यवस्थापकाने लग्नानंतरचा सगळा नाझींचा भाग कापून टाकला होता. त्याची नोकरी गेली. आपण घरात बसून अंगठ्याने कापतो, आणि त्याला वेळ वाचवणं म्हणतो. कशासाठी वाचवता रे तो वेळ? नंतर तासभर फोनच बघत होतास ना?

जाऊ दे. भाचा वाईट नाही माझा. दमून येतो, सुट्टीचा एक दिवस मिळतो, त्यातही लेकीसाठी सिनेमा लावला हेही थोडं नाही. पण शेवटाकडचं 'एडलवाइस' हे गाणंसुद्धा पळवलं त्याने. गीतकार हॅमरस्टाइनने लिहिलेलं ते अखेरचं गाणं. कॅन्सर झालेला, ज्या नाटकावरून हा सिनेमा निघाला ते रंगभूमीवर आल्यावर नऊ महिन्यांत गेला तो. आपला देश सोडायच्या रात्री गाता गाता कॅप्टनचा गळा दाटतो, मारिया सूर उचलते, मग सगळं सभागृह. माणूस कधी अडतो आणि मग कोण उचलून धरतं, ते मुलांनी बघायचं नाही तर कुठे बघायचं?

ती कॅसेट मामा ठेवूनच गेला. पुढे दर सुट्टीत लागायची. त्या एका जागी फीत इतकी झिजली की पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या आणि आवाज थरथरायचा. आम्हाला तो तसाच पाठ झाला. आज ब्लू-रेवर तो प्रसंग लख्ख दिसला असता. पहिल्यांदाच.

पेटी त्या रात्री निघाली नाही. दिवाळीतही नाही. संक्रांतीच्या सुमाराला एका संध्याकाळी शाळेतून आले तर लुगडं घडी करून पलंगावर ठेवलेलं आणि बाबा जमिनीवर बसलेले. भाता गळत होता, दोन पट्ट्या दमटपणाने अडकल्या होत्या, दाबल्या तरी खाली जातच नव्हत्या. मला म्हणाले, "ये, बस. सा लाव." रेपर्यंत गेलो आणि ग वाजलाच नाही. तो आम्ही दोघांनी तोंडाने म्हटला.

भाच्याला मेसेज टाकलाय, शनिवारी पोरीला माझ्याकडे सोड, डिस्क पण दे. अजून बघितला नाहीये त्याने.