‘गोळ्या सोडा, निसर्गाकडे वळा’ वाल्या मेसेजला उत्तर

सध्या एक लांबलचक मेसेज सगळीकडे फिरतोय. "डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत" अशी सुरुवात, आणि पुढे काय तर औषधं म्हणजे केमिकल, सप्लिमेंट म्हणजे निसर्ग, नैसर्गिक गोष्टींना साइड इफेक्ट नसतात, आहाराने कुठलाही आजार बरा होतो, फार्मा कंपन्या हे दाबून ठेवतात, आणि शेवटी "आजच गोळ्या बंद करा, २१ दिवसांत फरक बघा". वर प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसचा फोटो आणि त्याच्या नावाने वाक्य, "अन्न हेच तुझं औषध असू दे".

हिपोक्रेटिसचं आधी उरकून टाकतो. त्याच्या नावावर जे ग्रंथ आहेत त्यात हे वाक्य कुठेच नाही. झालं, पुढे चला.

"औषध केमिकल, सप्लिमेंट नैसर्गिक." अहो पण ती बाटली येते कुठून ते तरी बघा. व्हिटॅमिन सी ची गोळी काही फळं पिळून होत नाही, ग्लुकोजपासून कारखान्यात बनते, १९३० च्या दशकात रायश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने पद्धत काढली तेव्हापासून. डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ घेऊन त्यावर अल्ट्राव्हायोलेट किरण सोडून तयार करतात. बी१२ साठी मोठाल्या टाक्यांमध्ये बॅक्टेरिया वाढवतात. यात वाईट काही नाही बरं का, रेणू तोच असतो. पण मग नाक मुरडायचं ते फक्त औषधाला बघूनच का?

आणि यात रेड यीस्ट राइसचा किस्सा तर कळस आहे. "स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) नको, हे नैसर्गिक घ्या" म्हणून विकतात. तांदळावर एक प्रकारची बुरशी वाढवून करतात आणि त्यातलं जे काही काम करतं ते आहे मोनाकोलिन के. १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन म्हणजे लोवास्टॅटिन, आणि हे दोन्ही रेणू एकच आहेत, तसूभरही फरक नाही. म्हणजे स्टॅटिन टाळायला स्टॅटिनच घ्यायचं, फक्त किती पोटात गेलं ते माहीत नाही, कारण ब्रँड बदलला की प्रमाण बदलतं, कशात भरपूर तर कशात जवळपास नाहीच, शिवाय काही नमुन्यांत सिट्रिनिन नावाचं बुरशीचंच विष सापडलंय जे किडनीला घातक आहे. अंग दुखणं, स्नायू दुखणं यानेही होऊ शकतं. का नाही होणार, औषध तेच आहे ना.

आता "साइड इफेक्ट शून्य". हे वाचून खरंच डोकं फिरतं, कारण याची तपासणी होऊन तीस वर्षं झालीत. उदाहरण म्हणून बीटा कॅरोटीन बघा, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांना रंग देणारा पदार्थ. ते असलेल्या भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसायचा, म्हणून लोकांना वाटलं की तेवढंच काढून गोळीत भरू. फिनलंडमध्ये २९,००० हून जास्त सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली, १९९४ ला निकाल आला, आणि गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कमी नाही, जास्त! अमेरिकेत तशीच दुसरी ट्रायल चालू होती, ती १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली कारण तिथे वाढ २८ टक्के होती. अख्खी भाजी खाणं वेगळं आणि तिच्यातला एक रेणू मोठ्या डोसमध्ये रोज गिळणं वेगळं, हे तिथे कळलं, आणि कळलं ते ट्रायल केली म्हणूनच.

सेंट जॉन्स वर्ट ही नैराश्यासाठी घेतात ती वनस्पती. ती लिव्हरमधली एन्झाइम्स वाढवते आणि मग बाकीची औषधं शरीर भराभर मोडून टाकतं, गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, किडनी बदललेल्यांचं सायक्लोस्पोरिन, सगळ्यांची ताकद कमी. आणि केसांसाठी लोक घेतात ते बायोटिन, ते तर अंगाला काही न करता सुद्धा घोळ घालतं. मोठ्या डोसमध्ये असेल तर रक्ताच्या काही टेस्ट चुकतात, थायरॉइडचे आकडे भलतेच येतात, आणि हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन टेस्ट खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिलाय. टेस्टच्या आधी कोण सांगतं हो की मी केसांची गोळी घेतो म्हणून?

"आहाराने सगळं बरं होतं" यातलं ‘सगळं’ काढा, मग मी तुमच्या बाजूने आहे. २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांत आहार, व्यायाम आणि वजन कमी करणं याने धोका ५८ टक्के घटला, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने ३१ टक्के. गोळी चक्क हरली. २०१७ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात रोज साधारण ८५० कॅलरी एवढ्यावर काही महिने ठेवलं तर टाइप २ डायबेटिस वाल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षभराने रेमिशनमध्ये होते, म्हणजे औषधाविना साखर डायबेटिसच्या पातळीखाली. पण हे सगळे डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे, आणि गोळ्या बंद केल्या त्याही देखरेखीखाली. टाइप १ डायबेटिसला, ज्यात शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, यातलं काही लागू नाही, १९२२ ला इन्सुलिन मिळायच्या आधी त्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, बस. कॅन्सरचं तर बोलायलाच नको. २०१८ च्या एका अभ्यासात उपचार नाकारून फक्त पर्यायी मार्ग धरणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त.

"फार्मा निसर्ग दाबते" म्हणे. मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या झाडात आहे. मलेरियाचं आर्टेमिसिनिन वनस्पतीतून काढलं म्हणून चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. आणि सेंट्रम ही मल्टिव्हिटॅमिन कित्येक वर्षं फायझरचीच होती.

राहिलं ते "२१ दिवस बंद करून बघा". बीपी वाढलेलं बहुतेक वेळा जाणवतच नाही, त्यामुळे २१ दिवस छान वाटणारच. एचबीए१सी (साखरेची रक्ततपासणी) दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे २१ दिवसांत तोही पूर्ण चित्र देत नाही. पण बीटा ब्लॉकर (बीपी आणि हृदयासाठीच्या गोळ्या) एकदम सोडले तर छातीत दुखणं, अटॅक येऊ शकतो, फिटच्या गोळ्या सोडल्या तर फिट थांबेनाशी होऊ शकते, खूप दिवस चालू असलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर बीपी पडून जीवावर बेततं, आणि यातल्या कशालाही २१ दिवस लागत नाहीत. गोळ्या कमी करायच्याच असतील तर घेत असलेल्या सगळ्या डब्या, सप्लिमेंटच्या सुद्धा, डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा आणि कुठली आधी, किती किती कमी करायची ते विचारा.