काठी टेकवायला जागा

पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारून खिशात घालायचा खेळ, मी कसा खेळतो, हा वादाचा विषय नाही. त्यावर सगळ्यांचं एकमत आहे. माझी अडचण मी खेळत नसतो तेव्हाची आहे, आणि माझा बराचसा वेळ तसाच जातो.

या खेळात हरणाऱ्याला काम फार कमी. समोरच्याने एक बॉल पॉट केला, म्हणजे टेबलाच्या खिशात घातला, की टर्न त्याचाच. दुसरा गेला, तिसरा गेला, की आपण आपले उभे. हातात 58 इंची स्टिक आणि तोंडावर ‘वा, काय शॉट’ असं म्हणणारं हसू. दरबारातला भालदार असाच उभा राहत असेल; पण तो त्यासाठी पगार घ्यायचा. शिवाय त्याचा मोबाइल वाजत नसे. माझा वाजतो. नाक खाजतं, बुटाची नाडी सुटते, स्टिकच्या टोकाला घासायचा चॉक नेमका डाव्या खिशात आणि स्टिक नेमकी डाव्या हातात असते. अशा वेळी जवळजवळ पाच फुटांची ही काठी घेऊन माणसाने जावं कुठे?

भिंत आहे की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. स्टिक भिंतीला टेकवून आपण वळलो की ती दोनेक सेकंद अगदी सज्जनासारखी उभी राहते. बुडाला रबराचा बंपर असतो, त्यामुळे पाय घसरत नाही. पाय घसरला असता तर निदान सरळ खाली आली असती. पण काठी पडली गोल, ती वरच्या टोकाने गडगडते. टिप, म्हणजे टोकावरचं चामडं, भिंतीवरून आडवी सरकायला लागते. आधी इतकी हळू की आपल्याला भास झाल्यासारखं वाटतं, आणि मग एकदम. आमच्या क्लबाच्या भिंतीवर या प्रवासाच्या खुणा आहेत. निळ्या चॉकच्या कमानी, कंपास घेऊन काढाव्यात इतक्या सफाईदार. काही थेट जमिनीच्या दिशेने गेलेल्या, काही मध्येच तुटलेल्या. तुटलेली कमान दिसली की समजायचं, तिथे कोणीतरी झेप घेऊन काठी पकडली. न तुटलेल्या बहुतेक माझ्या आहेत.

आणि पडायची वेळ तरी कशी साधते! समोरचा डाव जिंकून देणाऱ्या आठ नंबरच्या बॉलवर वाकलाय, खोलीतले सगळे गप्प, स्टिक मागे-पुढे होतेय, आणि फरशीवर ‘खाडकन्’. मेपलचं लाकूड चांगलं टणक असतं, आवाजही तसाच टणक करतं. प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं हे नियमांत खिलाडूपणाला न शोभणारं वर्तन धरलं आहे. म्हणजे मी खेळतही नव्हतो आणि तरी नियम मोडून बसलो होतो. एवढं कौशल्य खेळताना का दिसत नाही, असं मला एकदा विचारण्यात आलं.

खोलीचा कोपरा त्यातल्या त्यात बरा. काठीला दोन्ही बाजूंनी भिंत, गडगडायला वाव नाही. पण खोलीला कोपरे चार आणि खेळणारे दहा. शिवाय एका कोपऱ्यात केराची बादली आणि दुसऱ्यात आमचे काका. भिंतीवर लाकडी रॅक आहे, पण तो क्लबाच्या स्टिक्सचा. आपली स्टिक तिथे ठेवली की एखादा नवखा ती उचलतो आणि सगळा जीव एकवटून ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारतो. मी परत आलो तेव्हा माझ्या टिपेची कडा छत्रीसारखी बाहेर फुगली होती. नवखा मात्र म्हणाला, “दादा, मस्त स्टिक आहे हां.”

काकांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळेच काका म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. काकांनी आपली स्टिक कधी खाली ठेवल्याचं कोणी पाहिलेलं नाही. चष्मा पुसतात तेव्हा ती काखेत असते, हिशेब लिहितात तेव्हा कोपरात. “काका, तुम्हाला अवघडत नाही का?” असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “अरे, ठेवायला वेळ मिळायला हवा ना.” ते खरं होतं. टेबलपाशी सतत तेच असतात.

त्यातच माझी स्टिक वाकडी निघाली. ती पाहायची रीत सोपी आहे. टेबलवर आडवी ठेवायची आणि हलकेच लोटायची. सरळ असेल तर मुकाट घरंगळते. वाकडी असेल तर शाफ्टच्या, म्हणजे पुढच्या बारीक अर्ध्या भागाच्या, खालची उजेडाची फट लहान-मोठी होत राहते. माझी फट डोळे मिचकावत गेली. लाकूड हवेतली ओल घेतं, सोडतं, आणि दिवसचे दिवस तिरकं टेकवून ठेवलं तर त्याला वाकायला निमित्तच मिळतं. मी आनंदाने ही बातमी सगळ्यांना सांगितली. इतक्या दिवसांच्या पराभवाचं शास्त्रीय कारण हाती आलं होतं. त्यावर तिघे एका सुरात म्हणाले, “नाचता येईना...” पुढचं त्यांनी म्हटलंच नाही. तेवढं सौजन्य दाखवलं.

या स्टिकचं खरं नाव क्यू, आणि तो शब्द मुळात शेपूट या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला, हे मला त्याच आठवड्यात कळलं. पूर्वी जाड डोक्याच्या दांड्याने बॉल ढकलत. बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या आतल्या कडेला, चिकटला की ते डोकं मागे मावेना, म्हणून दांडा उलटा धरून त्याच्या शेपटाने मारू लागले, आणि शेपूटच शिल्लक राहिलं. म्हणजे इतकी वर्षं मी एक शेपूट रोज रात्री नळकांड्याच्या केसमध्ये घालत होतो आणि ते सरळ राहील अशी आशा धरून होतो. आपल्याकडे या बाबतीत जी म्हण आहे, ती कोणीतरी पूल खेळूनच केली असावी.

मला खरा राग आला तो या खेळात डोकं चालवणाऱ्यांचा. मिंगो नावाच्या फ्रेंच माणसाने 19 व्या शतकाच्या सुरुवातीला क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावली आणि बॉलला हवा तसा स्पिन मिळू लागला. विल्यम स्पिंक्स या खेळाडूने विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाला हाताशी धरून 1897 मध्ये चॉकचं पेटंट घेतलं; त्या चॉकमध्ये खडू नाहीच, सिलिका आणि घासणारी पूड आहे. बॉलसाठी हस्तिदंत परवडेना म्हणून जॉन हायट सेल्युलॉइड या कृत्रिम पदार्थाच्या मागे लागला. कुशनमध्ये रबर आलं, टेबलाखाली पाटीचा दगड आला. बॉलला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक गोष्टीची काळजी वाहिली गेली. बॉलला स्पर्श न करणाऱ्या माणसाची कोणी फिकीर केली नाही. हे सगळे बहुधा जिंकणारे लोक असावेत.

तर, मी स्टिक टेकवून ठेवायचा होल्डर घ्यायचं ठरवलं. सोबत नेता येईल असा, बाजूच्या कुठल्याही टेबलाच्या कडेवर ठेवता येईल असा, छोटासा.

पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. तिसऱ्या आठवड्यात मी घरातल्या प्रत्येक सपाट वस्तूची उंची टेपने मोजत होतो. होल्डरचे प्रकार तरी किती! शिकंज्यासारखा स्क्रू आवळून कडेला बसवायचा एक. नुसता कडेवर ठेवायचा, पोटात वजन भरलेला एक. भिंतीला चिकटणारा, रबरी वाटीचा एक. आणि तीन पायांचं घडीचं स्टँड, जे उघडल्यावर माझ्याइतकी जागा घेतं आणि माझ्याहून जास्त लोक त्याला अडखळतात. रबरी वाटी मी घरच्या भिंतीवर लावून पाहिली. गुळगुळीत काचेला ती जीव तोडून धरते. रंगाच्या भिंतीवर सात मिनिटं. सातव्या मिनिटाला बायको तिथून जात होती.

शिकंजा मला मनापासून आवडला होता. भरवशाचा दिसतो, सुतारकामाचा वास येतो. पण त्याचा जबडा किती उघडतो हा प्रश्न आहे. एका टेबलाची फळी इतकी जाड की जबडा पुरेना, दुसऱ्याची कड गोल, तिथे तो आवळावा तितका निसटतो, आणि तिसरं टेबल काचेचं. काचेवर स्क्रू आवळत असताना मालक ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेसमोर माणूस स्क्रू पुढे फिरवू शकत नाही.

राहिला वजनाचा. साबणाच्या मोठ्या वडीएवढा ठोकळा, खाली रबर, समोर तीन खाचा. टेबलाच्या कडेशी ठेवायचा, स्टिकचं बूड जमिनीवर, अंग खाचेत. दिसायला याच्याइतकं सोपं काही नाही. मी घरच्या टीपॉयवर करून पाहिलं. स्टिक खाचेत ठेवली, हात सोडला, आणि तिने सीसॉसारखं डोकं मागे टाकून पाय वर केले.

तेव्हा कुठे मी ती बोटावर तोलली. पूलच्या स्टिकचा तोल बुडापासून साधारण 18 ते 20 इंचांवर असतो, कारण बूड जड आणि टोक हलकं. टीपॉयची उंची 18 इंच. म्हणजे खाच बरोबर तोलाच्या ठिकाणी येत होती. आधार तोलाच्या चांगला वर हवा, तरच काठी वजनाने खाचेत टेकून राहते. 30 इंचांच्या टेबलावर ती मुकाट उभी राहिली. आता नवी गंमत. दोन तुकड्यांच्या स्टिकचा जॉइंट बरोबर मध्ये, म्हणजे 29 इंचांच्या आसपास. खाच नेमकी जॉइंटच्या गळ्याशी. तिथे स्टिकची जाडी 21 मिलिमीटरच्या आसपास, टोकाला 13, बुडाला 30 च्या वर. म्हणजे खाचेचं माप टेबलाच्या उंचीवर अवलंबून. टेबल उंच असेल तर शाफ्टचा बारीक भाग खाचेत खुळखुळणार. टेबल बुटकं असेल तर जाड भाग आत जाणारच नाही. आमच्यातला एक जण स्नूकरचा आहे, त्याच्या क्यूचं टोक तर नऊ-दहा मिलिमीटरचं, आणि जॉइंट भलतीकडेच. ‘सर्व क्यूंसाठी योग्य’ असं होल्डरवर छापणाऱ्याने आयुष्यात एकच क्यू पाहिला असावा.

हे सगळं मी बायकोला कागदावर आकृती काढून समजावलं. तिने आकृती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, “एक विचारू? तू जिंकत का नाहीस?”

“म्हणजे?”

“म्हणजे जिंकलास तर काठी हातातच राहील ना. ठेवायचा प्रश्नच येणार नाही.”

ती काकांना कधी भेटलेली नाही. तरी मी दोन दिवस तिच्याकडे संशयाने पाहत होतो.

शेवटी वजनाचाच घेतला. खाचांना आतून रबर, त्यामुळे थोडी जाड-बारीक काठी चालते. तीन खाचा. एकच खाच असलेला मिळत होता, पण वाटलं, असू द्या, कधी ब्रेकची वेगळी स्टिक घेतली, बॉल उडवायचा जंप क्यू घेतला तर. (हरणारा माणूस भविष्याबद्दल फार आशावादी असतो. त्याशिवाय तो परत जाईल कशाला?) वजन किलोभर. सोबत नेता येतो म्हणजे नेता येतो. खांद्याला आठवण राहते एवढंच.

पहिल्या दिवशी मी तो क्लबात टेबलाच्या कडेवर मांडला. खरं तर नुसताच ठेवला, पण ठेवताना जरा मागे होऊन पाहिलं, फ्रेम सरळ लागली की नाही बघतात तसं. माणसं जमली. एकाने ठोकळा उचलून वजन घेतलं, “पेपरवेट म्हणूनही चालेल,” म्हणाला आणि परत ठेवताना आपली स्टिक पहिल्या खाचेत लावून मोकळा झाला. स्नूकरवाल्याने “माझी बसते का बघू” म्हणून दुसरी खाच घेतली. ती खुळखुळली, पण बसली.

काका कोपऱ्यातून उठून आले. त्यांनी ठोकळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग काखेतली स्टिक काढली, अलगद तिसऱ्या खाचेत टेकवली आणि दोन्ही तळहात समोर धरून उघड-मीट करून पाहिले. खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही.

“बरं वाटतं रे,” काका म्हणाले.

यानंतर काढा म्हणायची हिंमत कोणाची? माझा डाव चालू होता, टर्न समोरच्याचा होता, आणि तो नेहमीप्रमाणे चौथ्या बॉलवर पोचला होता. मी होल्डरशेजारी स्टिक धरून उभा राहिलो. मोबाइल वाजला. तो डाव्या खिशात, स्टिक डाव्या हातात. मी इकडे-तिकडे पाहिलं आणि भिंत जवळ होती.

फोन बायकोचा होता. “कसा आहे रे होल्डर?” असं ती विचारत होती आणि मी “एकदम छान” म्हणत होतो, तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी निळं हललं.

ही कमान मध्येच तुटलेली आहे, अगदी पाव वर्तुळसुद्धा नाही. झेप काकांनी घेतली. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.